शिक्रा, ससाणा आणि घार यांचे वर्णन कसे लिहावे?

प्रश्न: आमच्या तालुक्याच्या पक्षिसूचीसाठी मी शिकारी पक्ष्यांची वर्णने लिहीत आहे. शिक्रा आणि ससाणा यांच्याबाबत नेहमी गोंधळ होतो. कोणत्या खुणा आधी नोंदवाव्यात?

उत्तर १: पंखांचा आकार सर्वांत आधी. शिक्र्याचे पंख आखूड व टोकाशी गोलसर आणि शेपटी लांब असते, कारण त्याला झाडांच्या गर्दीतून वळणे घेत सरडे, खारी आणि लहान पक्षी पकडायचे असतात. ससाण्याचे पंख मात्र लांब व टोकदार असतात, आणि बहिरी ससाण्याचा सूर तर ताशी 300 किलोमीटरचा वेगही ओलांडतो. घारीची शेपटी टोकाशी दुभंगलेली असते, एवढे पुरेसे आहे.

नुसते ‘पट्टेदार छाती’ असे कृपया लिहू नये. प्रौढ शिक्र्याच्या छातीवर तांबूस आडव्या रेघा असतात, तर अप्रौढ पक्ष्याच्या छातीवर तपकिरी उभे फराटे. दिशा सांगितली नाही, तर ती नोंद माझ्या मते निरुपयोगी ठरते.

उत्तर २: ससाण्याच्या वरच्या चोचीच्या कडेला दातासारखे टोक असते, ज्याने तो भक्ष्याची मान मोडतो, शिक्रा नख्यांनी मारतो. जनुकीय अभ्यासानुसार ससाणे शिक्र्यापेक्षा पोपटांना अधिक जवळचे आहेत, म्हणून सूचीत त्यांचा गट वेगळा ठेवावा.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. शिक्र्याचे नर-मादी कसे ओळखावेत?

उत्तर १: प्रौढ नराचे डोळे लाल, मादीचे पिवळे ते नारिंगी असतात, शिवाय मादी आकाराने मोठी असते.