मदत हवी आहे: द हॉबिट सिनेमाचा भाग ३, एक्सटेंडेड (वाढीव सीनवाली आवृत्ती) बघावी का?

२०१४ चा १४४ मिनिटांचा थिएटरवाला कट पाहिला, आधीचे दोन्ही भाग झालेत, पुस्तकही वाचलंय. बुटक्यांचा राजा थोरिन मेल्यावर जादूगार गँडाल्फ नायक बिल्बोशेजारी बसून काही न बोलता पाइप साफ करत राहतो तो सीन मनात रुतलाय, पण नंतर सगळं घाईत गुंडाळलं असं वाटलं. पुस्तकात आर्कनस्टोन हे रत्न थोरिनच्या छातीवर ठेवून त्याला पुरतात, इथे त्या रत्नाचं काय झालं तेच कळेना, शेवटचा अर्धा तास परत पाहिला तरी नाही. १६४ मिनिटांची एक्सटेंडेड आहे पण तिला अमेरिकेत हिंसेमुळे आर रेटिंग (१७ खालच्यांना मोठ्यांसोबतच प्रवेश) आहे आणि सोबत दहा वर्षांची भाची असणार. त्या वाढीव २० मिनिटांत अंत्यविधी आहे का, की लढाईच वाढवलीये? आणि रक्तपाताचे सीन साधारण कुठे येतात, म्हणजे तेवढे पुढे ढकलता येतील?