भिंतीवरची माशी, साक्षी की साक्षीदार?

एका लेखाचं भाषांतर करतेय आणि दोन ठिकाणी अडलेय. 'ऑब्झर्व्हेशनल डॉक्युमेंटरी'ला काय म्हणावं? मुलाखत नाही, निवेदन नाही, समोर जे चाललंय ते टिपत राहायचं, अशी शैली. 'निरीक्षणात्मक माहितीपट' लिहिलं, पण वाचताना शाळेत तपासणीला साहेब आल्यासारखं वाटतं. आणि 'फ्लाय ऑन द वॉल', म्हणजे कुणाच्या लक्षात न येता सगळं बघत राहणारा? 'भिंतीवरची माशी' चालेल का?

प्रतिसाद १
माशी नकोच. मराठीत माशी आली की ती शिंकणार! अशाच शैलीचे अमेरिकन दिग्दर्शक फ्रेडरिक वाइजमन यांनाही ही उपमा पटत नसे. माशीला कुठली आलीय समज? काय टिपायचं, काय गाळायचं हे दिग्दर्शक ठरवतो. त्यांच्या १९६७च्या 'टिटिकट फॉलीज'मध्ये निवेदक नाही, पण संकलनाच्या टेबलावर कुणीतरी बसलेलं आहेच.
खरं तर माझं भांडण 'माहितीपट'शीच आहे. यात माहिती सांगायला कुणी नसतंच. 'अनुबोधपट' म्हणावं तर त्यात बोध.

प्रतिसाद २
'साक्षीपट' कसा वाटतो? पाणिनीच्या सूत्रात (५.२.९१) 'साक्षात्'वरून साक्षी, म्हणजे प्रत्यक्ष पाहणारा. भारदस्तही आहे.

प्रतिसाद ३
भारदस्त आहे, तीच अडचण. वेदान्तातला साक्षी नुसता पाहतो, त्याच्या पाहण्याने काही बदलत नाही. कॅमेरा फार तर साक्षीदार. तो दिसला की माणूस शर्टाची कॉलर नीट करतो.
झाँ रूश आणि एदगार मोराँ या फ्रेंच दिग्दर्शकांनी हे लपवलंच नाही. त्यांच्या 'क्रोनिक द'आँ एते' या माहितीपटाचं चित्रण १९६०च्या उन्हाळ्यात पॅरिसमध्ये झालं. कॅमेऱ्यापुढे नेहमीसारखं बोलता येईल का, हीच चर्चा ते सुरुवातीला त्यात सहभागी झालेल्या मार्सलीनशी करतात. पुढे ती प्लास द ला काँकॉर्दमधून एकटी चालते. रेकॉर्डर तिच्याच जवळ, कॅमेरा लांब. छळछावणीतून परत न आलेल्या वडिलांशी ती पुटपुटत बोलते. हे बोलणं रेकॉर्डर होता म्हणूनच झालं, पण खोटं कसं म्हणायचं? शेवटी चित्रण सहभागी लोकांनाच दाखवलं, तर कुणाला ते नाटकी वाटलं, कुणाला नको इतकं उघडं.
या प्रकाराला ते 'सिनेमा व्हेरिते' म्हणत. सोव्हिएत दिग्दर्शक झिगा व्हेर्तोव्हच्या 'किनो-प्राव्दा'चं, म्हणजे 'चित्रपट-सत्य'चं, फ्रेंच रूप. 'निरीक्षण' हा शब्द यासाठी वापरू नका. तो अमेरिकन 'डायरेक्ट सिनेमा'ला ठेवा, म्हणजे राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठीच्या केनेडी-हम्फ्री लढतीवरचा 'प्रायमरी' वगैरे. दोन्हींची खिचडी करणारे लेख ढिगाने सापडतील.

प्रतिसाद ४
अनुभव सांगतो. गावी आत्याचं भाकरी करणं शूट करत होतो. पहिल्या दिवशी ठेवणीतलं लुगडं, आणि भाकरी थापताना दर दोन थापांनी माझ्याकडे नजर. एरवी परातीकडेही न बघता थापते! चौथ्या दिवशी म्हणाली, "अरे सरक की, उजेड अडतोय." तेव्हा कुठे मी घरातला झालो. पण अदृश्य नाही झालो, मध्ये येणारा झालो. म्हणून मला 'सहवासपट' सुचतो.

मूळ प्रश्नकर्ती
'सहवासपट' गोड आहे, पण संपादक लग्नाची व्हिडिओ कॅसेट समजतील. 'निरीक्षणपट' ठेवते. माशीच्या जागी 'कोपऱ्यात बसून' लिहिलंय.
आता 'कॅमेरा-कॉन्शस' राहिलं. 'अवघडणं' लिहिणार होते, पण तुमची आत्या अवघडली कुठे? ती तर खुलली.

प्रतिसाद ४
लुगडं बदलताना खुलली होती. थापताना अवघडली. दोन्ही लिहा.