करारातलं भांडण : मोठ्या नावाचा वकील की कागद वाचणारा?

भोसरीवाला
मित्राचं भोसरी एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे. एका कंपनीला कन्व्हेअरचे रोलर करून दिले, चलनावर त्यांच्या स्टोअरचा शिक्का आहे, जीएसटी ह्याने स्वतःच्या खिशातून भरलाय, आणि आता १४ लाख अडकलेत, का तर म्हणे माल उशिरा आला आणि काही पीस रिजेक्ट. वर पीओच्या (खरेदी ऑर्डरच्या) मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरात छापलंय की वाद झाला तर लवाद चेन्नईत.

वकील शोधायला मी सोबत होतो. पहिले साहेब बडं प्रस्थ, म्हणाले नोटीस ठोकू, सरळ येतील, पण पीओ उलटून पाहायचे कष्ट काही घेतले नाहीत. दुसऱ्या एक बाई, ऑफिस म्हणजे एक टेबल आणि फायलींचा ढीग. त्यांनी पीओ मागूनपुढून वाचला आणि तीनच प्रश्न विचारले, उद्यम नोंदणी (सरकारकडची लघुउद्योग म्हणून नोंद) ऑर्डरच्या आधीची का नंतरची, रोलर नुसते दिलेत की साइटवर जाऊन बसवलेत पण, आणि रिजेक्शनचा मेल माल पोचल्यापासून १५ दिवसांत आला का? माझं मत स्पष्ट आहे, असले प्रश्न विचारणारा वकील धरा, नावाच्या पाटीला भुलू नका.

शिवाजीनगरचा_पक्षकार
प्रश्न विचारणं वेगळं आणि कोर्टात उभं राहणं वेगळं. समोरची कंपनी मुंबईहून सिनिअर वकील आणते तेव्हा तुमचा अभ्यासू वकील "साहेब, तयारी नाही, पुढची तारीख द्या" करतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. चांगलं नाव असलेल्याच्या नोटिशीला कंपनीचं लीगल खातं निदान उत्तर तरी देतं, बाकीच्यांच्या नोटिशी केराच्या टोपलीत जातात. दोन पैसे जास्त गेले तरी चालतील पण वजनदार माणूस घ्या.

भोसरीवाला
वजन कशाचं पण? नोंदणी आधीची असेल तर लघुउद्योगांसाठीच्या एमएसएमईडी कायदा २००६ खाली हा माणूस सुविधा परिषदेकडे, म्हणजे थकलेल्या पैशांचे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडे जाऊ शकतो, आणि तिथे विक्रेता जिथला तिथली परिषद चालते, चेन्नईचं कलम आडवं येत नाही, सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये सांगितलंय की करारात लवादाचं कलम असलं तरी हा कायदा वरचढ. पेमेंटची मुदत जास्तीत जास्त ४५ दिवस, त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याला चक्रवाढ. हे त्या बड्या साहेबांना माहीत नसेल असं नाही हो, त्यांनी कागदच वाचला नाही!

वकिलीणबाई
मी ह्याच धंद्यात आहे म्हणून दोघांनाही थोडं टोचून बोलते. साइटवर बसवून द्यायचं काम करारातच असेल तर समोरचा म्हणणार हे वर्क्स कॉन्ट्रॅक्ट आहे, म्हणजे नुसती मालाची विक्री नाही, माल आणि काम एकत्र, आणि मुंबई हायकोर्टाचे निकाल त्याच्याच बाजूचे आहेत, परिषदेचा दरवाजा तिथेच बंद होऊ शकतो. तो प्रश्न बाईंनी म्हणूनच विचारला. आणि परिषदेला ९० दिवसांत निकाल द्यायचाय हे कायद्यात आहे, प्रत्यक्षात काय होतं ते जाऊन बघा एकदा.

दुसरं म्हणजे अशील अर्धीच गोष्ट सांगतात. उशीर झाला तेव्हा कंपनीच्या माणसाला व्हॉट्सॲपवर "सॉरी सर, पुढच्या आठवड्यात पक्का" लिहिलेलं असतं, आणि ते आम्हाला उलटतपासणीत कळतं. ते मेसेज तुमच्या बाजूचे असोत नाहीतर विरोधातले, पहिल्या दिवशी दाखवा, फोन बदलू नका, कोर्टात ते द्यायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. आणि दावा लावायची मुदत ३ वर्षांची आहे, वकील शोधण्यातच ती घालवू नका.

हिशोबी_माणूस
मी तर टक्केवारीवर देईन. वसूल झालं तर १५ टक्के, नाही तर काही नाही. मग बघा कसा पळतो.

वकिलीणबाई
बार कौन्सिलच्या नियमांत निकालावर अवलंबून फी घ्यायला बंदी आहे. जो टक्केवारीवर तयार होतो तो पहिल्याच भेटीत तुमच्यासमोर नियम मोडतोय, आता ठरवा. फी टप्प्याटप्प्याने लिहून घ्या, नोटीस किती, दावा किती, पुरावा किती, तारखेचे वेगळे का नाही.

शिवाजीनगरचा_पक्षकार
लिहून वगैरे कोण देतं हो! आणि चुकीचा निघाला तर करायचं काय, ग्राहक आयोगात पण खेचता येत नाही, २०२४ ला सुप्रीम कोर्टाने तो मार्ग बंद केलाय.

भोसरीवाला
म्हणून आधी तपासायचं ना. ई-कोर्ट्स ह्या कोर्टांच्या सरकारी वेबसाइटवर वकिलाच्या नावाने केसेस शोधता येतात. करारातल्या पैशांची कामं किती आहेत, की सगळी वाटपाची आणि घटस्फोटाची, ते दिसतं. नेटवरच्या "टॉप टेन वकील" याद्यांपेक्षा ते बरं, जाहिरात करायला तर वकिलांना बंदीच आहे. आणि मन उठलं तर वकील बदला, फी बाकी आहे म्हणून तो फाईल अडवून ठेवू शकत नाही, २००० सालचा निकाल आहे.

शिवाजीनगरचा_पक्षकार
फाईल मिळवायला वकिलाच्या मुन्शीच्या (कारकुनाच्या) मागे किती फिरावं लागतं ते फिरल्याशिवाय कळणार नाही. आणि ई-कोर्ट्सवर नुसती तारीख दिसते, जज रजेवर होते का वकील झोपला होता ते नाही दिसत. माझं मत काही बदललेलं नाही.

खेड_शिवापूर
नोटीस कुठलाही वकील पाठवेल. दावा लावताना कस लागतो. ३ लाखांच्या वरचा व्यापारी वाद असेल आणि अर्जंट मनाई वगैरे मागायची नसेल तर आधी मध्यस्थी करावीच लागते, २०२२ पासून ती टाळून लावलेला दावा सरळ फेटाळला जातो. आमच्या ओळखीत एकाला वकिलाने हे सांगितलंच नव्हतं, वर्ष फुकट गेलं. आणि नाव मोठंच होतं बरं का.

शिवाजीनगरचा_पक्षकार
एका उदाहरणाने काय सिद्ध होतं? परिषदेत जिंकले असं धरू. कंपनी निवाड्याची ७५ टक्के रक्कम भरून वर कोर्टात जाणार, मोठ्यांना ती भरता येते. तेव्हा तुमच्या टेबलवाल्या बाई एकट्या काय करणार?

भोसरीवाला
तेव्हा सिनिअर लावू की. त्याला ब्रीफ (केसचा गोषवारा) बाईच करून देतील, कागद त्यांनीच वाचलेत. वरच्या कोर्टाची फी आज नोटिशीलाच कशाला मोजायची?