सारखाच हात, वेगळी भरपाई: कोर्ट म्हणजे लॉटरी?

खडूफळा
एक ढकलपत्र फिरतंय. दोघांचा डावा हात गेला, दोघांना ६० टक्के अपंगत्वाचा दाखला, पण एकाला भरपाई दुसऱ्याच्या दुपटीहून जास्त. म्हणून 'अपघाताचं कोर्ट म्हणजे लॉटरी'. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

डॉक्टर हात तपासतो. कमाई किती बुडाली हे कोर्टाने बघायचं असतं. राजकुमार विरुद्ध अजयकुमार (२०११) निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच उदाहरण दिलंय. हात गेलेला माणूस सुतार किंवा ड्रायव्हर असेल तर कमाई जवळजवळ शंभर टक्के बुडाली. सरकारी कारकून असेल तर त्याची नोकरी टिकू शकते.

माझा मेव्हणा सुतार. टेम्पोने उडवलं, डावा हात मनगटापासून गेला. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "उजवा शाबूत आहे ना, मग झालं." अहो, पटाशी डाव्या हातात धरतात, उजव्याने ठोकतात. रंधा मारायला दोन्ही लागतात. त्याचं वय ३२, महिना १५ हजार. पुढची वाढ ४० टक्के धरून २१ हजार, म्हणजे वर्षाचे २,५२,००० आणि गुणक (वर्षाच्या कमाईला ज्याने गुणायचं तो, वयावरून ठरलेला आकडा) १६. कमाई पूर्ण बुडाली धरली तर ४०,३२,००० होतात, ६० टक्के धरली तर २४,१९,२००. ट्रायब्युनलने, म्हणजे अपघाताच्या दाव्यांच्या कोर्टाने, दाखल्यावरचे ६० जसेच्या तसे उचलले. आता हायकोर्टात अपील चालू आहे.

टोकदार
म्हणजे नियम पक्का, निकाल २०११ पासून समोर, तरी ट्रायब्युनल चुकलं. मग ढकलपत्र काय वेगळं म्हणत होतं? स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतलात.

आणि १५ हजाराला कागद काय होता? ही भरपाई शेवटी आम्ही गाडीवाले भरतो त्या थर्ड पार्टी विम्याच्या प्रीमियममधूनच जाते. माझ्या चुलत भावाच्या गाडीचा नंबर एका दाव्यात घातला होता. तो माणूस स्वतःच घसरून पडला होता, आणि तक्रार महिन्याने! दीड वर्ष भाऊ तारखांना जात होता.

काळाकोट
उशिरा तक्रार म्हणजे खोटी तक्रार असं नसतं. माणूस आधी दवाखान्यात जातो, मग चौकीत. या दाव्यांना फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा लागत नाही, कुठली बाजू जास्त संभवनीय ते बघतात. गुणकाचा तक्ता सरला वर्मा (२००९) निकालातला, वाढीचे टक्के प्रणय सेठी (२०१७) मधले. एवढं ठरवून दिल्यावर लॉटरी राहते ती एकाच जागी, महिन्याची कमाई किती धरायची तिथे. पगाराची स्लिप नसलेल्याचे हाल होतात, हे टोकदार यांचं खरं आहे.

टोकदार
वा! वकिलाकडून 'खरं आहे' ऐकलं. तारीख लिहून ठेवतो.

उंबरा
कागद काय होता म्हणे! माझ्या आईकडे कुठला कागद असणार? रिक्षा उलटली, उजवं मनगट मोडलं, वाकडं जुळलं. साक्षीला उभी राहिली तर विमा कंपनीच्या वकिलाचा पहिला प्रश्न, "आपण काही कमावत होता का?" आई म्हणाली, नाही. दुसरा प्रश्न, "घरात सून आहे ना?" आई म्हणाली, आहे. झाली उलटतपासणी. आईने पदर पिळून दाखवायला हात पुढे केला. पिळता येईना, पण तिकडे कुणी बघतच नव्हतं.

निवांत
वाईट वाटलं. पण ताई, घरकामाला दर लावायचा म्हणजे आईला मोलकरीण ठरवण्यासारखंच नाही का? काही गोष्टी पैशात मोजू नयेत.

उंबरा
मोजू नयेत हे नेहमी न करणाऱ्यालाच कसं सुचतं? मोलकरीण ठेवली, तिला दर महिन्याला रोख मोजून दिले. तेव्हा कुणाच्या भावना दुखावल्या नाहीत.

काळाकोट
निवांत, तुमचं म्हणणं कोर्टाने कधीच मागे टाकलंय. लता वाधवा (२००१) निकालात गृहिणीच्या सेवांची किंमत महिना ३,००० धरली होती. अरुणकुमार अग्रवाल (२०१०) मध्ये तर न्यायालयाने जनगणनेवरच कोरडे ओढले, कारण तिथे गृहिणी बिनकामाच्यांत, भिकारी आणि कैद्यांच्या पंगतीत बसवल्या होत्या. कीर्ती (२०२१) मध्ये तर, कोण कशात किती वेळ घालवतं याच्या २०१९ च्या सरकारी सर्वेक्षणातला आकडाच दिलाय. बिनपगारी घरकामात तेव्हा बायका दिवसाला २९९ मिनिटं घालवत होत्या, पुरुष ९७.

निवांत
९७? आमच्याकडे कुणी मोजायला आलं नव्हतं. मी भाजी आणतो, बिलं भरतो.

उंबरा
९७ मध्ये तुमची भाजी धरलेली असेल, काळजी नको.

टोकदार
हा धागा हाताचा होता का भाजीचा? आणि ३,००० काय, ३०,००० काय, आकडा शेवटी अंदाजानेच ना? म्हणजे पुन्हा लॉटरी.

खडूफळा
लॉटरीत तिकिटाचं अपील करता येत नाही हो. आणि अंदाज म्हणाल तर मेव्हण्याच्या बाबतीत अंदाजही नव्हता, कॉपी होती. दाखल्यावर ६०, निकालात ६०. डॉक्टरला साक्षीला बोलावून 'हा माणूस सुतारकाम करू शकेल का' एवढं विचारलं असतं तरी पुरलं असतं. आमच्या वकिलाने डॉक्टरला बोलावलंच नाही.

काळाकोट
मग वकिलाची चूक. माझ्या व्यवसायाबद्दल हे लिहायला जड जातं, पण नुसता दाखला दाखल करून गप्प बसणारे पुष्कळ आहेत. अपिलात हाच मुद्दा पुढे करा. आणि त्याच्या कामाचा एखादा जुना फोटो, गिऱ्हाइकाच्या हिशोबाची वही, काहीही असेल तर शोधा.

टोकदार
ठीक आहे, सुताराच्या हाताचं मान्य. कारकुनाला कमी मिळाले यातही अन्याय नाही, हेही मान्य. भावाच्या दीड वर्षाचं मात्र कुणीच उत्तर दिलं नाही.

उंबरा
तुमचा भाऊ दीड वर्ष तारखांना गेला. आई चार वर्षं गेली, सुनेला सोबत घेऊन.

खडूफळा
वही सापडली. दोन पानं पाण्याने गेलीत, बाकी त्याच्याच अक्षरात आहे. उद्या झेरॉक्स काढतो.