श्रवणयंत्र भिरकावणाऱ्या साडेतीन वर्षांच्या मुलासाठी काय घ्यावे?

खानापूरची_आई: माझ्या मुलाला दोन्ही कानांनी कमी ऐकू येते. सहा महिन्यांपासून तो यंत्रे वापरतो. मात्र अंगणवाडीला निघताना लोळण घेतो, चावतो आणि यंत्र काढून फेकतो. संध्याकाळी देवळात भजन सुरू झाले की हाच प्रकार होतो. चित्रकार्डे घ्यावीत की यंत्र अडकवायची दोरी? पाचशे रुपयांच्या वर जाणे शक्य नाही.

टिळकवाडीकर: आम्ही मुलीसाठी दोन लाखांची जोडी घेतली आणि तिचा हट्ट थांबला. आधी यंत्र बदला.

निपाणीचा_बाबा: महागडी जोडी आमच्याकडेही होती, त्यातले एक यंत्र कुत्र्याने चावले. दोरीच घ्या, ती पाठीमागून सदऱ्याला अडकवा आणि सेलच्या झाकणाला कुलूप आहे ना ते पाहा, कारण बटणासारखा तो सेल मुलाने गिळला तर जिवावर बेतते.

चिकोडीकर: मुलाला बोल लावण्याआधी कानातला साचा, म्हणजे यंत्राचा कानात बसणारा, मापाने बनवलेला भाग पाहा. कान वाढतो तसा साचा काही महिन्यांत सैल होतो आणि यंत्र शिट्टी वाजवू लागते. आमच्या मुलाच्या उजव्या कानातल्या लाल साच्याची कड घासून कातडी सोलली होती, आणि आम्ही दोन आठवडे त्यालाच रागावत होतो. टाळांचा आवाज टोचत असेल, तर यंत्र काढण्याऐवजी तज्ज्ञांकडून मोठ्या आवाजाची मर्यादा कमी करून घ्या.

सीमेवरचा_मास्तर: घरी मराठी आणि अंगणवाडीत कन्नड, मग मूल बिथरणारच. एकच भाषा ठेवा. म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्थेत आयांनाही शिकवतात, तिकडे जा.

चिकोडीकर: खानापूरहून म्हैसूर पाचशे रुपयांत? आणि गुरुजी, दोन भाषांनी मूल बिथरत नाही. आपल्याला कुठे नेत आहेत हेच त्याला कळत नाही. खांद्याला हात लावून, त्याच्या डोळ्यांसमोर बसून, ‘आधी अंगणवाडी, मग आजी’ असे दोन फोटो रोज त्याच क्रमाने दाखवा आणि सोबत खुणाही करा.

टिळकवाडीकर: दोरी घ्याच, पण ती चांगल्या यंत्राला लावा.

खानापूरची_आई: दोरी शेजारणीकडून आणून पाहिली, तो ती चघळत बसतो, म्हणून परत केली. साचा खरोखरच सैल निघाला, नव्यासाठी माप दिले आहे. अंगणवाडीताईंचा आणि आजीचा फोटो चाळीस रुपयांत छापून घेतला. काल आजीच्या फोटोवर बोट ठेवून तो दारापर्यंत चालत आला, चपला मात्र फेकल्याच. भजनाच्या वेळी यंत्र मी काढूनच ठेवणार, तुम्ही सगळे नाही म्हणालात तरी.