अनुभव धागा: घरामागच्या पाँडमधला अ‍ॅलिगेटर

उन्हाळा आला की फ्लोरिडातल्या मराठी घरांत भारतातून आई-बाबा, सासू-सासरे राहायला येतात. अ‍ॅलिगेटरच्या (मगरीच्या अमेरिकन भाऊबंदाच्या) हालचालीचेही नेमके हेच महिने. एप्रिलपासून ते जोडीदार शोधत एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जातात, वाटेत रस्ते आणि अंगणं ओलांडतात. जूनअखेरीस मादी अंडी घालते, ऑगस्टच्या मध्यापासून पिल्लं बाहेर येतात. राज्यात सुमारे 13 लाख अ‍ॅलिगेटर आहेत, 67 च्या 67 काउंट्यांमध्ये (जिल्ह्यांमध्ये). एव्हरग्लेड्सच्या दलदलीतल्या सहलीत प्रत्येक जण जपून असतो. मला काळजी वाटते ती पावसाचं पाणी साठवायला बिल्डरने खणलेल्या आपल्या पाँडची. फेब्रुवारी 2023 मध्ये फोर्ट पिअर्सला अ‍ॅलिगेटरच्या हल्ल्यात 85 वर्षांच्या एका बाईंचा जीव गेला तो ज्येष्ठांच्या वसाहतीतल्या तळ्याकाठीच, कुत्र्याला फिरवताना.

तुम्ही राहता तिथले किंवा सुट्टीत गेलात तिथले अनुभव लिहा. स्वतः पाहिलेलं, केलेलं, घरच्यांना सांगितलेलं. ऐकीव नको.

— ऑरलंडोकर

टँपाची सून: आमचे मामंजी साताऱ्याचे. पहाटे पाचला फिरायला जायची आयुष्यभराची सवय, आणि आमचा फुटपाथ पाँडला अगदी लागून. आल्या दिवशीच त्यांना काठ दाखवायला नेलं. एके ठिकाणी गवत दबलेलं होतं, चिखलात पाण्यापर्यंत घसरल्याची वाट होती. ते म्हणाले, "अगं, पाणी तर हलतसुद्धा नाहीये." हेच पटवणं सगळ्यात अवघड. अ‍ॅलिगेटर नुसत्या नाकपुड्या आणि डोळे वर ठेवून तासन्तास पडून राहतो, आणि दिवेलागणीपासून उजाडेपर्यंत तो जास्त फिरतो. मामंजी आता ऊन वर आल्यावर निघतात आणि रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने चालतात.

दुसरी गोष्ट शिळ्या पोळीची. बदकांना तुकडे टाकणं त्यांना पुण्याचं काम वाटायचं. फ्लोरिडात अ‍ॅलिगेटरला खायला घालणं बेकायदेशीर आहे, आणि बदकांसाठी टाकलेल्यावरही तो काठाशी येतो. माणूस म्हणजे खाणं हे एकदा त्याच्या डोक्यात बसलं की भीती संपली. मी त्यांना एवढंच म्हटलं, "बाबा, तुम्ही पोळी टाकून जाल आणि उद्या तिथे शेजारचं पोर उभं असेल." त्या दिवसापासून त्यांनी बंद केलं.

जॅक्सनव्हिल गणेशभक्त: मला विसर्जनाबद्दल लिहायचंच होतं. आमच्या पाच-सहा घरांचे गणपती कम्युनिटीच्या पाँडमध्ये जायचे, तेही आरती आटोपून, अंधार पडता पडता, चपला काढून घोटाभर पाण्यात उतरून. एका वर्षी आदल्या दिवशी जागा बघायला गेलो तर लव्हाळ्यातून चिरका, तुटक आवाज येत होता. पिवळ्या पट्ट्यांची वीतभर पिल्लं होती. पिल्लं असली की आई जवळपास असतेच, आणि तेव्हा ती कोणालाही जवळ येऊ देत नाही. भाद्रपद आणि पिल्लांचा हंगाम एकच पडतो, हे मी सगळ्यांना सांगितलं. वडीलधारे नाराज झाले, "पाण्यात सोडल्याशिवाय विसर्जन कसलं?" बराच वाद झाला. आता शाडूची मूर्ती मागच्या अंगणात मोठ्या टबात विसर्जित करतो, ते पाणी झाडांना घालतो. निर्माल्यही पाँडकडे जात नाही. मुलं आजोबांच्या मांडीवर बसून मूर्ती विरघळताना बघतात. मला स्वतःला हे विसर्जन जास्त आवडतं.

शार्लटहून रमा: साउथ कॅरोलायनातल्या हिल्टन हेड बेटावर घर भाड्याने घेतलं, मागे गोल्फ कोर्सचं लगून, म्हणजे तळं. त्या बेटावर ऑगस्ट 2018 आणि जुलै 2023 मध्ये अ‍ॅलिगेटरच्या हल्ल्यात दोन बायका दगावल्या, दोघी कुत्र्याला फिरवत होत्या. आमचा बीगल कुत्रा लगूनच्या बाजूला नेलाच नाही. दोरी आखूड, आणि फिरणं रस्त्याकडेने.

दोन मुलांचा बाप: डिस्नीला जाणाऱ्यांसाठी. जून 2016 मध्ये तिथल्या रिसॉर्टच्या लगूनकाठी अ‍ॅलिगेटरच्या हल्ल्यात दोन वर्षांचा मुलगा दगावला. तेव्हा तिथे फक्त 'पोहू नका' अशी पाटी होती. आता काठाला अडसर आहेत, पाट्यांवर अ‍ॅलिगेटर आणि सापाचा स्पष्ट उल्लेख आहे. पण बाकीच्या हॉटेलांच्या तळ्यांना तसं असेलच असं नाही. वाळू दिसली की मुलं बादली घेऊन पळतात, त्यामुळे आम्ही खोलीत सामान टाकायच्या आधी काठ बघून येतो.

शुगरलँडचे काका: इथे टेक्सासमध्ये ह्यूस्टनकडेही अ‍ॅलिगेटर आहेत हो. ब्रॅझोस बेंड पार्कात 30 फूट अंतर ठेवायचा नियम आहे, तो आम्ही पाहुण्यांना गाडीतच सांगतो. खरी भीती पुराची. 2017 च्या हार्वी वादळात पाणी चढलं तसे ते लोकांच्या अंगणात आले. 2021 च्या आयडा वादळानंतर लुइझियानात स्लायडेलला एका माणसावर त्याच्या घराबाहेरच्या पुराच्या पाण्यातच हल्ला झाला, त्यात तो गेला. वादळ ओसरल्यावर 'गाडी बघून येतो' म्हणत गढूळ पाण्यात पाय घालू नका.

वडोदऱ्याची मराठी: आमच्याकडे अ‍ॅलिगेटर नाही, पण विश्वामित्री नदी शहराच्या मधून वाहते आणि तिच्यात मगरी आहेत. ऑगस्ट 2024 च्या पुरात त्या वस्तीत शिरल्या होत्या. काकांचं शब्दशः पटलं. पाणी उतरल्यावरही आम्ही जिन्याखाली टॉर्च मारल्याशिवाय पाऊल टाकत नव्हतो.

नवा सभासद, नेपल्स: मागे लागला तर नागमोडी पळायचं, हे खरं का?

ऑरलंडोकर: नाही, सरळ पळायचं, पाण्यापासून लांब. जमिनीवर तो फार वेळ पाठलाग करत नाही. धरलंच तर जोरात प्रतिकार करायचा, डोळ्यांवर आणि नाकाडावर मारायचं.

टँपाची सून: चार फुटांहून मोठा असेल आणि माणसांना धोका वाटत असेल तर फ्लोरिडा राज्याचा नंबर 866-392-4286. आम्ही एकदा लावला होता. ट्रॅपर (पकडणारा माणूस) आला, दोर टाकून त्याला ओढला, तोंडाला टेप लावली. मुलीने विचारलं, याला कुठे सोडणार? सहसा सोडत नाहीत, कारण तो परत मूळ जागी यायला बघतो, बहुतेकदा मारतात. तिला खरं तेच सांगितलं. त्यानंतर पाँडकाठी खायला घालणारं कोणी दिसलं की तीच जाऊन त्यांना थांबवते.