'कॅकेक्सिया'ला काय म्हणावं: क्षय, कृशता की खंगणं?

प्रश्न: कर्करुग्णांसाठी माहितीपत्रक लिहितो आहे. 'कॅकेक्सिया'ला (आजारामुळे वजन आणि स्नायू झिजत जाण्याला) 'क्षय' चालेल का? या झिजेत मेंदूचाही हात असतो, ते कसं मांडावं?

– 'क्षय' अजिबात नको, वाचणारा टीबीच समजणार. 'कुपोषण' त्याहून वाईट, कारण दोष थेट ताटावर आणि वाढणाऱ्यावर जातो. उपासमारीत शरीर आधी चरबी जाळतं, स्नायू होता होईल तो राखतं. इथे स्नायूही सुरुवातीपासून झडतात आणि नुसता आहार वाढवून ते भरून येत नाहीत. 'कृश' तर काटक माणूसही असतो. आजाराने माणूस 'खंगतो'. हेच क्रियापद नेमकं आहे.

– 'खंगणं' बोलताना ठीक, पण व्याख्येला अपुरं. २०११च्या आंतरराष्ट्रीय निकषानुसार सहा महिन्यांत वजन ५ टक्क्यांहून जास्त घटलं तर कॅकेक्सिया. बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २० पेक्षा कमी असेल तर २ टक्क्यांहून जास्त घटही पुरते. म्हणजे ६० किलोच्या माणसाचे ३ किलोंहून जास्त गेले की झालं. तेव्हा तो खंगलेला दिसतही नाही. शीर्षकात 'कॅकेक्सिया' ठेवा, खाली 'आजाराने खंगत जाणं' असा खुलासा द्या. पोटात किंवा पायांत पाणी साठलं की वजनकाटा घट लपवतो, हेही लिहा.

– मेंदूबद्दल: 'भूक मंदावते' एवढ्यावर भागवू नका. जीडीएफ-१५ हे प्रथिन रक्तात वाढतं. त्याचा ग्राही, म्हणजे त्याला पकडणारं प्रथिन (जीफ्राल, २०१७ मध्ये ओळखला गेला) मेंदूच्या मागच्या तळाशी, एरिया पोस्ट्रेमा आणि त्याला लागून असलेल्या भागात असतो. एरिया पोस्ट्रेमात रक्त आणि मेंदू यांच्यातला अडसर सैल असतो. तिथून मळमळ आणि अन्नाचा तिटकारा येतो. हायपोथॅलॅमसवर (भूक सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागावर) दाहकारक रेणूंचा परिणाम झाला की भूकच लागत नाही. म्हणून 'भूक नाही' आणि 'अन्न नकोसं वाटतं' हे वेगळे लिहा. रुग्णाने डॉक्टरांना यातलं नेमकं काय ते सांगायला हवं.

– शिवाय हायपोथॅलॅमसच्या इशाऱ्यावर कॉर्टिसॉल (ताणाचं संप्रेरक) वाढतं आणि स्नायूंतली प्रथिनं मोडतात. प्राण्यांवरील प्रयोगांत अनुकंपी (आपोआप चालणाऱ्या क्रिया चालवणारे) चेतातंतू चरबी वितळवतानाही दिसले आहेत. त्यामुळे 'खात नाही म्हणून खंगतो' हे वाक्य पत्रकातून काढाच. घरचे आग्रह करकरून भरवतात, उलटी होते, तिटकारा आणखी वाढतो. 'थोडं थोडं, वारंवार, मागेल तेव्हा' असं लिहा.

– 'चेतातंतू' ठेवाल तर पुढे 'चेतासंस्था'च लिहा. मध्येच 'मज्जासंस्था' आली की वाचकाला त्या दोन संस्था वाटतात.